गावाला बाग हवी की पांदण? आमदारांना पत्र द्यायचंय, सल्ला द्या

धुऱ्यावरून
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. गाव अडीच हजार वस्तीचं, कपाशी-तूर-सोयाबीनवालं. मागच्या आठवड्यात सरपंचांनी आम्हा आठ-दहा जणांना ग्रामपंचायतीत बसवून सांगितलं की आमदारसाहेब गावाला २० लाख द्यायला तयार आहेत, अधिवेशनाच्या आधी पत्र पाहिजे, आणि पत्रात 'बालोद्यान' लिहायचं. जागा ठरली आहे, नाल्याकाठची ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, दीड एकर. गेट, कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, झोके, ओपन जिम आणि मधोमध कारंजं. उन्हाळ्यात आमच्या नळाला तीन दिवसांआड पाणी येतं, हे इथं नोंदवून ठेवतो.

गावापासून टेकडीवरच्या महादेवापर्यंत आमची एक जुनी पांदण आहे, पावणेदोन किलोमीटर. दोन्ही बाजूंनी कडुनिंब, बाभळी, चिंचेची दोन मोठी झाडं. सकाळी म्हातारे त्याच वाटेनं फिरायला जातात, शिवरात्रीला अख्खं गाव जातं. पावसाळ्यात मात्र पोटरीएवढा चिखल. तिथं मुरूम टाकला, दोन्हीकडून नाली काढली, चिंचेखाली चार बाकं ठेवली तर माझ्या मते वेगळी बाग लागतच नाही. मी तसं बोललो. सरपंच म्हणाले, "पांदण म्हणजे रस्ता, त्याचं हेड वेगळं. बागेच्या पैशात पांदण बसत नाही."

तर प्रश्न असे. हे हेडचं प्रकरण खरंच असं आहे का? आणि विधिमंडळातून फिरायच्या वाटेसाठी, मोकळ्या जागेसाठी पैसा मागायचा तर तो कोणत्या नावानं मागायचा?

तर्रीपोहे
आधी हे सांगा, फलकावर फोटो किती? त्यावरून कंपाउंडची लांबी ठरते.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, आमच्या गावाले झाली ना बाग! चार वर्सं झाले. उद्घाटनाले बँड होता, पेढे होते, साहेबाच्या हातानं वडाचं झाड लावलं. थे झाड पयल्याच उन्हाळ्यात वाळलं, काहून का पाणी कोनं टाकाव हे कोनाच्याच कागदात नोतं. झोक्याच्या साखळ्या दुसऱ्या वर्षी गायब. घसरगुंडीवर आता बकऱ्या चढते, अन् खरं सांगतो, पोट्ट्यायपेक्षा त्याहीले चांगली जमते. ओपन जिमच्या दांड्यायवर बाया गोधड्या वाळू घालते. बाकी सगळं गाजर गवत.

म्या ग्रामसेवकाले इचारलं, का बाप्पा, चौकीदार काहून नाई ठेवत? थो म्हने, काका, बांधायचा पैसा वरून आला, राखायचा गावानं पाहावा. गावाची घरपट्टी किती वसूल होते थे मले माहीत हाये. कुलूप बी लोकवर्गणीचं हाये आमचं.

शेणगोळा
@वऱ्हाडी_ठेचा, गोधड्या वाळतात म्हणजे सार्वजनिक वापर सुरूच आहे. उपयोगिता प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही.

निवृत्त_लेखा
जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सरपंच अर्धं खरं बोलले. विधानमंडळ गावाच्या नावानं पैसा मंजूर करत नाही, विभागाच्या मागणीला मंजुरी देतं. मार्चमध्ये अर्थसंकल्प, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, त्यावर मतदान, मग विनियोजन विधेयक. या कागदांत 'अमुक गावचं बालोद्यान' शोधत बसलात तर सापडणार नाही. सापडेल ते लेखाशीर्ष, तेच तुमच्या सरपंचांचं 'हेड'. ग्रामविकास विभागाचं २५१५ सगळ्या सरपंचांना तोंडपाठ असतं. त्याखाली गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी ठोक रक्कम मंजूर होते, आणि लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांच्या याद्या नंतर शासन निर्णयानं निघतात. म्हणून अधिवेशनाआधी पत्रांची घाई. रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४, पहिलं महसुली म्हणजे देखभालीचं, दुसरं भांडवली म्हणजे बांधणीचं. आमदारांचा स्थानिक विकास निधी याहून वेगळा, तो २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे आणि त्याची मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेतून होते. चौथा दरवाजा जिल्हा नियोजन समितीचा, पालकमंत्री अध्यक्ष असतात तो.

तुमचे २० लाख यातल्या कोणत्या दरवाजानं येणार, हे आधी विचारा. 'आमदारसाहेब देणार' एवढ्यानं काही कळत नाही.

दुसरी गोष्ट, ठेचाभाऊंची. ती गंमत नाही. मालमत्ता उभी करायला पैसा असतो, कारण उभ्या मालमत्तेचं उद्घाटन होतं. माळ्याच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही. आणि मार्चएंडला बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी दिसला की जे काम कागदावर तयार असतं तेच होतं, बरं-वाईट बघायला कोणाला वेळ नसतो. पेव्हर ब्लॉकचं अंदाजपत्रक एका दुपारी बनतं. चिंचेखालच्या वाटेचं बनवायला अभियंत्याला उन्हात पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं.

तर्रीपोहे
अख्ख्या धाग्यात हेड हेड वाचून आता माझं हेड दुखतंय. ते कोणत्या हेडखाली?

निवृत्त_लेखा
२२१०, सार्वजनिक आरोग्य. :)

पुसद_ते_मिनेसोटा
मी मूळचा पुसदचा, गेली बरीच वर्षं मिनेसोटात. इथं हाच प्रश्न कसा सोडवला ते सांगतो, तुलना म्हणून नाही, माहिती म्हणून.

२००८ च्या नोव्हेंबरात इथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली. विक्रीकर एक टक्क्याच्या तीन-अष्टमांशानं वाढवायचा, २५ वर्षांसाठी, म्हणजे २०३४ पर्यंत. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट. त्यातला वाटा घटनेतच लिहिलाय: ३३ टक्के पाण्याला, ३३ टक्के वन्यजीवांच्या अधिवासाला, १९.७५ टक्के कला आणि सांस्कृतिक वारशाला, आणि १४.२५ टक्के बागा आणि पायवाटांना. विधिमंडळ दर दोन वर्षांनी हा पैसा कामांना वाटतं, पण तो दुसरीकडे वळवू शकत नाही. आणखी एक अट आहे, हा पैसा नेहमीच्या तरतुदीवर भर म्हणून वापरायचा, नेहमीची तरतूद छाटून तिच्या जागी बसवायचा नाही.

बागा-पायवाटांच्या वाट्यावरून इथंही भांडण झालंच. शेवटी ढोबळ मानानं ४० टक्के राज्याच्या उद्यानांना, ४० टक्के मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराला आणि २० टक्के बाकीच्या ग्रामीण मिनेसोटाला, असं ठरलं. ते वाचलं तेव्हा मला पुसदच्या बसस्टँडवरची चर्चा आठवली.

मी ज्या वाटेवर रविवारी चालतो ती गेटवे ट्रेल म्हणजे सू लाइन रेल्वेचा जुना मार्ग. रूळ काढले, वाट केली. आपल्याकडे शकुंतला रेल्वेचा मार्ग नुसता पडून आहे, त्याचं असं काही...

मूर्तिजापूर_जंक्शन
थांबा. इथंच थांबा. शकुंतलेला हात लावायचा नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आमची गाडी आहे, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. माझी आजी बाळंतपणाला तिनं गेली होती. आम्हाला ब्रॉडगेज पाहिजे, मॉर्निंग वॉक नाही. एकदा रुळांवर बाकं टाकली की गाडी कायमची गेली समजा.

पुसद_ते_मिनेसोटा
माफी असावी, भावना दुखवायच्या नव्हत्या. रूळ राहू द्या. शेजारून चालतो.

शेणगोळा
शेजारून चाला पण फाटकाशी थांबा. शकुंतला येऊन राह्यली असेल तर तुम्ही आधी पोचाल.

मूर्तिजापूर_जंक्शन
:) हे मात्र खरं.

बोडीकाठ
मी गोंदिया जिल्ह्यातला जी. तुमच्याकडं ई-क्लास तरी आहे. आमच्या पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत गावाजवळची मोकळी जागा म्हटली की ती झुडपी जंगल निघते. तिथं चार खुरटी झुडपं, बाकी खडक. पण २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते वनच ठरलं, आता बाग करा नाहीतर मैदान करा, वन कायद्याची परवानगी आधी. वनहक्क कायद्यात गावासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वळवता येते अशा १३ सोयी आहेत. शाळा आहे, अंगणवाडी आहे, रस्ता आहे, समाजमंदिर आहे. बाग त्यात नाही.

आम्ही मग काय करतो? मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर फिरतो. पाळीवर मोह, अर्जुन, आंब्याची झाडं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धान. संध्याकाळी अख्खं गाव तिथंच. तीन वर्षांपूर्वी तलावाच्या दुरुस्तीचं काम आलं तेव्हा पाळीची रुंदी थोडी वाढवून, माती दाबून मागितली. कागदावर सिंचन, वापरात बाग. कोणाचं हेड दुखलं नाही.

धुऱ्यावरून
@बोडीकाठ, हे भारी आहे. म्हणजे बाग मागायचीच नाही, दुसऱ्या कामात मुरवायची.

अंगणातली
सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. पांदण छान, पाळ छान. गावात पारावर कोण बसतं? पानठेल्यावर कोण बसतं? मी लग्न होऊन आले त्याला एकवीस वर्षं झाली, या गावात दहा मिनिटं नुसतं बसायला मला एक जागा नाही. विहिरीवर जायचो ते नळानं संपलं. आता घर, वावर आणि बचत गटाची मीटिंग. टेकडीच्या वाटेनं संध्याकाळी सहानंतर एकटी बाई जाईल का, सांगा. बागेला कंपाउंड असतं, गेट असतं, लाईट असतो. तुम्हाला तो दिखावा वाटतो, मला त्या भिंतीच्या आत बसता येईल असं वाटतं. लहान पोरांना घेऊन आलोय असं सांगून.

तेव्हा 'बाग म्हणजे भ्रष्टाचार' एवढ्यावर विषय संपवू नका. कारंजं नको, हे मान्य.

तर्रीपोहे
+१. कान पकडले.

वऱ्हाडी_ठेचा
वहिनी, तुमचं पटलं. आमच्या बागेत गोधड्या वाळू घालाले बाया येते तवा दोन तास बसून बोलते, हे म्याच पाह्यलं. मले थे हसण्यावारी वाटलं होतं.

सातबारा_उतारा
पांदणीबद्दल एक धोक्याची सूचना. @धुऱ्यावरून, ती पांदण गाव नकाशावर आहे का ते आधी पाहा, आणि जागेवर किती उरली तेही. नकाशात बैलबंडी जाईल एवढी आणि प्रत्यक्षात सायकल जाईना, अशा पांदणी मी कितीतरी पाहिल्यात. दरवर्षी धुरा एक तास पुढं सरकतो, वखराचा तास म्हणतोय मी, घड्याळाचा नाही. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून नवी वाट मागण्यासाठी, ते वेगळं. नकाशावरची जुनी पांदण असेल तर मोजणी आणि समजुतीनं मोकळी होते, निदान व्हावी. मुरुमाचे ट्रॅक्टर आले आणि कोणी आडवा झोपला, की २० लाख परत.

ई-क्लासबद्दलही. २०११ च्या जानेवारीत गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला, त्यामागून १२ जुलै २०११ चा शासन निर्णय. गायरान सार्वजनिक कामाला लागतं, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. दीड एकराची फाइल फिरली आहे का, ते सरपंचांना विचाराच.

वाडेगावचा_संत्रा
नमो उद्यानाची घोषणा ऐकली ना? ३९४ नगरपरिषदा-नगरपंचायतींना प्रत्येकी १ कोटी. तालुक्याच्या गावाला कोटीची बाग, आणि ग्रामपंचायत त्या यादीतच नाही. आम्ही खेड्यातले लोक झाडात राहतो म्हणून आम्हाला बाग लागत नाही, असा हिशेब दिसतो. राहतो खरं, पण शेतातल्या बाभळीखाली युरियाचं पोतं असतं, बाक नसतं.

नागपूर_करार
हा सगळा अनुशेषाचाच भाग आहे. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. अधिवेशन होतं, हुरडा पार्ट्या होतात, विदर्भाच्या प्रश्नांवर शेवटच्या दिवशी चर्चा होते. १९८४ ला दांडेकर समितीनं राज्याचा ३,१८६ कोटींचा अनुशेष मोजला. १९९४ ला विदर्भ वैधानिक विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. सिंचनाचा अनुशेष भरेना, तिथं बागेचा कोण मोजणार? आणि मुळात वेगळ्या राज्याशिवाय...

शेणगोळा
वेगळ्या विदर्भाचा धागा वेगळा आहे. तिथं प्रतिसाद हजाराच्या वर गेलेत, तुमची वाट पाहताहेत.

खाकी_८००
मी पहिल्यांदाच लिहितेय. मी दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर असतं, मुलांना १६००. आमच्या गावातून आम्ही पाच मुली पळतो. मैदान नाही म्हणून हायवेवर. पहाटे साडेचारला निघतो, कारण सहानंतर ट्रक वाढतात. माझा भाऊ मोटारसायकलवर मागून हळूहळू येतो आणि हेडलाइट पाडतो, त्या उजेडात आम्ही पळतो. तो शेतात जागलीला गेला की आमचा सराव बंद. डांबरावर पळून माझी नडगी सुजली होती, तीन आठवडे घरी होते.

मला बागही नको, पांदणही नको. सपाट मातीची गोल वाट, दोन दिवे आणि एक संडास. एवढ्याला किती पैसे लागतात? कोणत्या हेडखाली येतं मला माहीत नाही.

धुऱ्यावरून
...
मी तीन दिवस हा धागा चालवतोय आणि माझ्या डोक्यात हे आलंच नाही. आमच्याही गावची पोरं रोडवर पळतात. मी दुधाची कॅन घेऊन निघतो तेव्हा रोज दिसतात.

निवृत्त_लेखा
@खाकी_८००, बेटा, हिशेब करून पाहिला. दीड एकर म्हणजे सुमारे सहा हजार चौरस मीटर. त्यात ४०० मीटरची धावपट्टी नीट बसत नाही, २०० ची बसते. ८०० ला चार फेऱ्या, १६०० ला आठ. मातीची, मुरूम दाबून. कंपाउंड अंगणातली ताईंसाठी राहू द्या, एका कोपऱ्यात दोन झोके आणि सावलीला झाडं. मधली जागा मोकळी. पेव्हर ब्लॉक आणि कारंजं वगळलं की पट्टी, दिवे आणि संडास २० लाखांत बसायला हवेत, मात्र शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

पांदण यातून काढून टाका. ती रोहयोत (रोजगार हमी योजनेत) मागा. तिथं मजुरी ६० आणि साहित्य ४० असं प्रमाण पाळावं लागतं आणि मातीकामात मजुरी असतेच. मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ ची, तीही सुरू झाली ती रोहयोशी जोडूनच. पांदणीचं नाव ग्रामसभेच्या आराखड्यात हवं.

राहिला राखायचा प्रश्न. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२६ पर्यंत) ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला आणि ४० टक्के अबंधित होता. अबंधितातून पगार देता येत नव्हता, देखभालीचं काम घेता येत होतं. झाडांसाठी रोहयोतच बिहार पॅटर्न आहे, दोनशे झाडांमागे कुटुंबं नेमून तीन वर्षं मजुरी. ठेचाभाऊ, तुमचा वड यात जगला असता.

वऱ्हाडी_ठेचा
आता सांगता, सायेब!

धुऱ्यावरून
अपडेट. काल ग्रामसभा झाली. कोरमपुरती माणसं जमवायला दोन वेळा दवंडी द्यावी लागली. मी अंगणातलींचा आणि खाकी_८०० चा प्रतिसाद मोबाइलवरून वाचून दाखवला, नाव न सांगता. सरपंच आधी चिडले, म्हणाले, "पत्र गेलं सुद्धा." मग गावातल्याच एका पोरीनं उठून विचारलं, "कारंजाचं पाणी कुठून?" हशा झाला आणि गाडी रुळावर आली. शकुंतलेची नाही, आमची.

ठरलं ते असं. नवं पत्र जाईल, त्यात बालोद्यानाऐवजी 'खुले मैदान, धावपट्टी व महिला-बालक विसावा' असं लिहिलंय. विसावा हा शब्द गावातल्या एका आजीचा. पांदण आराखड्यात गेली, पण सातबारा_उतारा म्हणाले तेच निघालं. चिंचेच्या पुढं दीडशे मीटर वाट एका वावरात मुरली आहे. ते वावर माझ्या सख्ख्या चुलत्यांचं. आज सकाळी काकांकडे चहाला गेलो होतो. चहा मिळाला, विषय निघाला नाही.

सातबारा_उतारा
मोजणीचा अर्ज टाका. चहा पीतच राहा, पण अर्ज टाका.

बोडीकाठ
आणि काकांचं वय काय जी? सकाळी फिरायला त्यांना याच वाटेनं न्या.

खाकी_८००
पावसाळ्याआधी मुरूम पडेल का? आमच्या गावचं नाही माहीत आहे, पण तुमचं गाव सात किलोमीटर आहे असं वाटतंय मला. चिंचेची दोन झाडं आणि महादेवाची टेकडी म्हणालात ना?

धुऱ्यावरून
तेच गाव. ये. पट्टी होईस्तोवर शाळेचं मैदान उघडून मागतो, चावी शिपाईकाकांकडे असते. भावाला सांग, पहाटे गाडी घेऊन यायची गरज नाही, आमच्याकडे मैदानाला एक दिवा आहे. चालू आहे का ते आज रात्री पाहून येतो.